घोडेगावचं नाक

"ही आपल्या गावची न्हाई वाटत," दोघींतली थोरली बाई म्हणाली.

फाट्यावरच्या कडुलिंबाखाली त्या एसटीची वाट बघत बसल्या होत्या आणि त्यांच्या मागे, डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधून, मी उभी होते. समोर विजेच्या खांबाला आणि चहाच्या टपरीच्या बांबूला एक फ्लेक्स ताणून बांधला होता. दहावीत शाळेत पहिली आल्याबद्दल अभिनंदन, त्याखाली वडलांच्या नावासकट माझं पूर्ण नाव, आणि अर्धा फ्लेक्स व्यापून एका मुलीचा चेहरा. गोरी, निमुळत्या हनुवटीची, सरळ बारीक नाकाची मुलगी. धाकटी बाई म्हणाली की नाव तर बाळूनानाच्या पुतणीचं आहे. थोरलीला ते पटेना. "नाव आसंल. पन फोटू दुसरीचाच लावलाय दुकानवाल्यानं. बाळूची पुतनी मी बघितलीया, आईच्या वळनावर गेलीया ती. ही कुनीकडची बाहुली." मग तिनं मागं वळून मला विचारलं, नारायणगावची गाडी गेली का. मी मान हलवून नाही म्हटलं. ती पुन्हा फ्लेक्सकडे वळली. गाडी येईपर्यंत दोघी त्या मुलीबद्दल बोलत राहिल्या आणि मी ऐकत राहिले, कारण माझ्यासमोर माझ्या दिसण्याबद्दल इतकं चांगलं कुणी कधी बोललं नव्हतं.

आमचं घर निमगाव सावाच्या अलीकडे, मळ्यात. पप्पा आणि नाना, म्हणजे माझे धाकटे चुलते, एकत्र शेती करायचे. उन्हाळ्याच्या शेवटाला टोमॅटोची तोडणी सुरू झाली की घर म्हणजे एक शेडच होऊन जायचं. पहाटे मोटारीचा घरघराट, मग बायकांच्या बोलण्याचा आवाज, मग दिवसभर प्लास्टिकचे क्रेट एकावर एक आदळल्याचे आवाज, आणि संध्याकाळी पिकअप रिव्हर्स घेताना वाजणारी ती एकच किरटी धून. टोमॅटोच्या पानांचा हिरवा डाग हाताला लागला की साबणानंही जात नाही. मम्मीचे हात तोडणीचे दोन महिने कोपरापर्यंत हिरवट काळे असायचे आणि ती त्याच हातांनी भाकरी थापायची. मी लहान असताना मला वाटायचं की सगळ्यांच्या भाकरीला तो किंचित कडसर वास असतो.

मम्मीचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावच्या वरच्या अंगाला, डोंगराकडचं. तिच्या माहेरच्या सगळ्यांचं नाक एकसारखं आहे, वर बसकं आणि खाली पसरट. मामाचं, मावशीचं, आज्जीचं, मम्मीचं आणि माझं. माझा जन्म झाला तेव्हा नाना दवाखान्यात बघायला आले आणि म्हणाले, "घ्या, घोडेगावचं नाक निमगावात आलं." ही आमच्या घरातली जुनी गंमत. सुनेच्या माहेराला नावं ठेवायची, सुनेनं सासरकडे बघून नाक मुरडायचं. पाहुणे आले की कुणीतरी ती गंमत काढायचं, मम्मी हातातलं काम न थांबवता म्हणायची, "तुमच्याकडं नाकं हायेत कुटं, नुसत्या मिशाच तर हायेत," आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. चौदाव्या वर्षापर्यंत मला ते नुसतं नाक होतं, श्वास घ्यायचं.

मी नारायणगावला इंग्लिश मीडियमला जात होते. वर्गात मी कमी बोलायचे. मराठी बोलले तर गावाकडचं येईल आणि इंग्लिश बोलले तर पुस्तकातलं येईल, अशी भीती असायची, त्यामुळे मी बघत राहायचे. माझी एकच जवळची मैत्रीण होती, खुशी. तिच्या वडलांचं पेठेत कापडाचं दुकान, आजोबांच्या आधीपासून. ते लोक मूळचे राजस्थानचे, पण खुशीचं मराठी माझ्यापेक्षा बिनधास्त होतं. नववीच्या गॅदरिंगला तिनं आम्हा चौघींचा एक फोटो काढला आणि अकाउंटवर टाकला. त्यावर तिनं फिल्टर लावला होता. फिल्टरनं तिघींचे चेहरे धरले. मी कडेला होते, तोंड जरा वळलेलं, उजेड कमी. माझा चेहरा त्यानं धरलाच नाही. त्यामुळे फोटोत तिघी एका जातीच्या झाल्या, मऊ, उजळ, मोठ्या डोळ्यांच्या, आणि चौथी जशी होती तशी राहिली. खाली खूप बदाम आले होते. मधेच एका ओळखीच्याही नसलेल्या मुलानं लिहिलं होतं, उजवीकडची कोण आहे, कामवाली का. त्यालाही सतरा जणांनी हसण्याचे चेहरे दिले होते. खुशीनं ते दिसताच पुसलं. ती मला म्हणाली, "अगं, तू फिल्टर लावतच नाहीस ना, म्हणून. सगळेच लावतात." तिला माझं वाईट वाटू नये असंच वाटत होतं. मला तिचा राग आला नाही. राग यायला जागा सापडली नाही.

मग मी शिकले. पप्पांचा जुना मोबाईल अभ्यासाच्या व्हिडिओंसाठी माझ्याकडे आला होता. त्यावर मी दुसऱ्याच नावानं एक अकाउंट उघडलं. एका बोटानं रेघ डावीकडून उजवीकडे सरकवली की नाक आत जायचं. आधी थोडंसंच. मग वाटायचं, अजून थोडं. दुसऱ्या दिवशी कालचा फोटो जाड दिसायचा. रंगाची रेघ वेगळी, हनुवटीची वेगळी. मी ते काम फार नीट करायचे. वही नीट लिहिणारी मुलगी होते मी, हेही नीटच केलं. कुठल्या कुठल्या गावच्या अनोळखी मुली खाली लिहायच्या, किती गोड. मोबाईल बंद केला की काळ्या काचेत माझा खरा चेहरा यायचा आणि मी तो उलटा ठेवून द्यायचे. आज मी पुण्यात एका ऑफिसात काम करते आणि मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून बसते. सगळ्यांना वाटतं, नेट स्लो आहे. मी तसंच सांगितलंय.

दहावीचा निकाल लागला तेव्हा घरच्या ग्रुपवर माझ्या डीपीला असाच एक फोटो होता. तो बारीक गोल एवढासा, कुणी निरखून बघत नाही, असं मला वाटलं होतं. निकालाच्या दिवशी मम्मीनं मासवडी केली. मासवडीला वेळ लागतो. बेसन शिजवून ओल्या कापडावर थापायचं, त्यात तीळ, खोबरं, लसणाचं सारण भरायचं, गुंडाळी करून वड्या पाडायच्या, वर तर्रीचा रस्सा. तोडणीच्या दिवसांत एवढा वेळ कुणाला नसतो. तिनं काढला. नाना जेवताना म्हणाले, पोरीचं काहीतरी करायला पाहिजे. मला वाटलं घड्याळ वगैरे आणतील. चौथ्या दिवशी सकाळी पिकअपमधून नारायणगावला टोमॅटो घेऊन चाललो होतो, पुढे पप्पा, मम्मी आणि मी, आणि फाट्यावर पप्पांनी गाडी थांबवली. नाना खांबावर चढलेले होते आणि सुतळी ओढत होते.

त्यांच्याकडे माझा वेगळा फोटो नव्हता. मागितला तर मी लाजून देणार नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी डीपी उचलला. एवढासा फोटो दहा फूट मोठा करताना तो फाटतो, म्हणून दुकानवाल्यानं त्याच्या मनानं तो अजून गुळगुळीत केला होता, अजून उजळ केला होता. खाली शुभेच्छुकांची ओळ होती, नाना, मंडळाचे पाच-सहा जण, सगळे गॉगल लावून. तेही सगळे दुधासारखे पांढरे. फ्लेक्सवर सगळेच पांढरे असतात. पण नानांकडे बघून कुणी विचारलं नाही की हे कोण.

मम्मी खाली उतरली आणि खूप वेळ वर बघत राहिली. मी तिच्याकडे बघत होते, फ्लेक्सकडे नाही. शेवटी ती म्हणाली, "उन्हानं फ्लेक्सचा रंग उडतो म्हनत्यात. ह्याचा तर लावायच्या आधीच उडालाय." नाना वरून हसले. पप्पाही हसले. ती गाडीत बसता बसता माझ्या कानाशी, अगदी सहज, म्हणाली, "आन् नाक कुटं गेलं?" नारायणगाव येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत बसली होती आणि मधेच तिचा हात तिच्याच नाकाकडे गेला होता, माशी हाकलल्यासारखा. मी ते पाहिलं. तिला माहीत नव्हतं की मी पाहिलं.

त्या संध्याकाळी मी शेडमध्ये नानांकडे गेले. ते क्रेटमध्ये रद्दी पेपर अंथरत होते. मी विचारलं, नाना, फ्लेक्स काढता येईल का. त्यांना वाटलं मी लाजतेय. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला आजही शब्दनशब्द आठवतं. "रुतू, ह्या फाट्यावर आजपातुर पोरीचा फ्लेक्स लागला न्हवता. पोरांच्या वाडदिवसाचे लागत्यात, कुत्र्याचाबी लागला व्हता एकदा. मंडळाचे म्हनले, पोरीचा कशाला, उगं लोकं बगत्यात. मी म्हनलं, बगू द्या. मी भांडलोय त्याच्यासाठी. आता तू काड म्हनती व्हय?" पुढच्या रविवारी मंदिराच्या सभामंडपात सत्कार आहे, तोवर तो तिथंच राहील, असं ते म्हणाले. खरं कारण सांगायचं तर ती मी नाही हे सांगावं लागलं असतं. म्हणजे मीच मला पुसलंय हे त्यांना सांगावं लागलं असतं, जे माझ्यासाठी गावाशी भांडले होते. मी नुसती मान हलवली आणि दोन क्रेटमध्ये पेपर अंथरून परत आले.

आठ दिवस होते माझ्या हातात. आठ दिवसांत फ्लेक्सवरच्या मुलीसारखं दिसायला लागायचं, असं मी ठरवलं. हसू येईल कुणाला. मला तेव्हा ते अभ्यासाच्या वेळापत्रकासारखं शक्य वाटलं होतं. उन्हात जायचं नाही. सकाळी लिंबू पाणी. दुपारी अर्धी भाकरी, रात्री नाही. गाल आत गेले की नाक लांब दिसतं, असं एका रीलमधली मुलगी सांगायची. नाकाला दोन्ही बाजूंनी कपडे वाळत घालायचा चिमटा लावून मी दारं लावून बसायचे, तोंडानं श्वास घेत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चिमटा काढला की दोन लाल खुणा उरायच्या आणि नाक परत होतं तसं. चौथ्या दिवशी वावटळ उठली, फ्लेक्सचं एक टोक सुटलं आणि तो रात्रभर फडफडत होता. आवाज मळ्यापर्यंत येत नव्हता, पण मला ऐकू येत होता. मी देवाला सांगितलं, फाटू दे. सकाळी नानांनी तो तारेनं पुन्हा बांधला. वारा आरपार जावा म्हणून त्याला ठिकठिकाणी कोयत्याच्या टोकानं चंद्रकोरीसारखी भोकं पाडली. अक्षरांत पाडली, शुभेच्छुकांत पाडली, स्वतःच्या गळ्यात पाडली. माझ्या चेहऱ्याला त्यांनी कुठेही टोक लावलं नव्हतं. शिडीवरून उतरून मला म्हणाले, "तुला संबाळून पाडल्यात बरं का."

मी जेवत नाही हे मम्मीच्या लक्षात आलं होतं. ती विचारत नव्हती. ताटात भाकरी टाकायची, मी अर्धी उचलून टोपल्यात परत ठेवायचे, ती ती अर्धी स्वतः खायची. सहाव्या दिवशी दुपारी बायका सावलीला बसल्या असताना ती आत आली, हात पदराला पुसले आणि माझ्या शेजारी खाली बसली. म्हणाली, "त्या मोबाईलमधी कसं करत्यात ते दाव की. माझा काड." मला नाही म्हणता येईना. मी फोटो काढला. तिच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता, कपाळावर घाम होता. मी रेघ सरकवली. नाक आत गेलं, गाल आत गेले, रंग चढला. मी मोबाईल तिच्या हातात दिला. ती आधी हसली, लहान पोरीसारखी, आणि पडदा जवळ लांब करून बघू लागली. मग हसणं हळूहळू थांबलं. तिनं अंगठ्यानं काचेवर नाकाच्या जागी घासून बघितलं, तिथं काही चिकटलंय की काय तसं. "नगं बाई मला हे," ती म्हणाली. "माझी आय वळखायची न्हाई मला." तिची आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. "पुसून टाक," असं म्हणून ती तोडणीला गेली. मी तो पुसला. नंतर खूप वेळा वाटलं, तेव्हाच तिच्या मागं जाऊन काहीतरी बोलायला हवं होतं. पण मी बोलणारी मुलगी नव्हते, आणि तीही विचारणारी नव्हती. आमच्यात नेहमी एखादी भाकरी किंवा एखादा मोबाईलच इकडून तिकडे जायचा.

सत्कार रविवारी संध्याकाळी होता. पप्पा माल घेऊन मार्केटला गेले होते, त्या दिवशी आवक फार होती, त्यांची गाडी रांगेत अडकली. मम्मी एकटीच माझ्याबरोबर आली. लग्नाकार्याला नेसायची ती अंजिरी साडी तिनं नेसली होती आणि हातांवरचे डाग राखेनं घासघासून जेवढे निघतील तेवढे काढले होते. मी सभामंडपात पाय ठेवला आणि पाहिलं, तर नानांनी फाट्यावरचा फ्लेक्स सोडून आणून स्टेजच्या मागं बांधला होता. शोभा यावी म्हणून. सत्कार होणाऱ्या बाकीच्या पाच मुलांची नुसती नावं कागदावर होती. मागं चेहरा एकटीचाच.

माझं नाव पुकारलं. नावं पुकारणाऱ्या शिक्षकांनी माईकवरून सांगितलं, स्कार्फ काढ बाळ, गावाला बघू दे. मी काढला. आठ दिवसांच्या उपासानं माझे डोळे आत गेले होते, नाकावर चिमट्याच्या दोन खुणा होत्या. शाल पांघरायला प्रमुख पाहुणे पुढे आले. ते तालुक्याच्या ठिकाणाहून आलेले भले गृहस्थ होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान वर करून फ्लेक्सकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं आणि हळूच नानांना विचारलं, "हीच का?" हळू विचारलं, पण माईक चालू होता. मंडपात थोडं हसू फुटलं. वाईट हसू नव्हतं ते, गावाचं हसू होतं, सगळ्यांनाच माहीत असलेल्या गोष्टीला हसावं तसं. नाना छाती काढून म्हणाले, "हीच की." त्यांना खरोखर त्यात काही वेगळं दिसत नव्हतं. त्यांना फ्लेक्सवरही मीच दिसत होते आणि समोरही मीच. असं बघता येणारा माणूस मला नंतर फार भेटला नाही, आणि तेव्हा मला त्याची किंमत नव्हती. दोन शब्द बोल म्हणून माईक माझ्यापुढे धरला. मी इंग्लिशमध्ये चार वाक्यं पाठ करून आले होते. एकही बाहेर आलं नाही. माईकमधून फक्त माझा श्वास सगळ्यांना ऐकू गेला. शेवटी टाळ्या वाजवून त्यांनी माझी सुटका केली.

तो फ्लेक्स आजही आमच्याकडे आहे. फ्लेक्स कुणी टाकून देत नाही, वैरणीवर, कांद्यावर, कशावर तरी झाकायला होतो. आमचा गोठ्यामागं कडब्याच्या गंजीवर आहे. शुभेच्छुक केव्हाच विरून गेले, अक्षरं गेली. ती मुलगी फिकट झालीय, पण आहे. आणि हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, त्या संध्याकाळचा दुसरा एक फोटो फ्रेम करून लावलाय. मी घरी गेले की त्याच्याकडे पाठ येईल अशा खुर्चीत बसते. मम्मी दर दिवाळीला त्याची काच पुसते. त्याबद्दल ती मला कधीही एक शब्द बोललेली नाही.

तो फोटो असा निघाला. कार्यक्रम संपल्यावर फोटोग्राफरनं आम्हाला थांबवलं. आईसोबत एक घेऊ या, म्हणाला. मम्मी माझ्या शेजारी उभी राहिली, ट्रॉफी दोघींनी मिळून धरली. तिच्या हाताला अजून टोमॅटोच्या पानांचा तो कडसर वास होता. तिनं पदर सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे सरळ बघितलं, मघाचं हसू तिनंही ऐकलं होतं तरी, सरळ. फोटोग्राफरनं दोन-तीन फोटो काढले, पडद्यावर बघितले, मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. त्याला दया आली असावी. "ताई, काळजी करू नका," तो म्हणाला, "फ्लेक्ससारखं करून देतो."

मम्मीनं माझ्याकडे बघितलं. तिचं तोंड किंचित उघडं होतं, मी काय म्हणते ते ऐकायला थांबल्यासारखं. माईकपुढे जो आवाज फुटला नव्हता, तो आता अगदी स्वच्छ फुटला.

मी म्हणाले, "नाक बारीक करा. दोघींचं."